रोजावरचा स्ट्रायकर

इंग्रजी क्रीडापानांवर ‘जर्नीमन’ हा शब्द नेहमी भेटतो. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास, तेव्हा या क्लबातून त्या क्लबात फिरणारा खेळाडू तो जर्नीमन, असा आपला समज होतो. पण मुळात हा शब्द दिवसाशी जोडलेला आहे. दिवसभराचं काम अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून तो आला. हुन्नर शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसल्यामुळे दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्या भाषेत रोजंदार.

इंग्लंडचा रिकी लॅम्बर्ट असाच एक रोजंदार स्ट्रायकर होता. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत १९८२ साली तो जन्मला. लहानपणापासून लिव्हरपूल क्लबात खेळ शिकला. १५ व्या वर्षी क्लबाने त्याला घरी पाठवलं. पुढे ब्लॅकपूलनेही त्याला मोकळं केलं. मग मॅकल्सफील्ड या छोट्या क्लबात तो बिनपगारी सराव करू लागला आणि पोटासाठी एका कारखान्यात बिटाच्या बरण्यांना झाकणं लावू लागला. रोज २० पौंड!

पुढचं समजण्यासाठी इंग्लिश फुटबॉलची शिडी ध्यानात घ्यायला हवी. सर्वांत वर प्रीमियर लीग. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. हंगामाअखेर वरचे क्लब एक पायरी चढतात, तळाचे एक पायरी उतरतात. म्हणजे खेळाडूला वर जायचे दोन रस्ते. कुणीतरी मोठ्या क्लबाने त्याला विकत घ्यावं, किंवा त्याने गोल करून आपला अख्खा क्लबच वर न्यावा.

लॅम्बर्टला दुसरा रस्ता मिळाला, तोही फार उशिरा. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी ठिकाणं झाली. तो उंच होता, डोक्याने चेंडू छान मारायचा, पण चपळ नव्हता. २००९ साली तो साउथॅम्प्टनला आला तेव्हा तो क्लब तिसऱ्या पायरीवर घसरलेला होता. प्रशिक्षक अ‍ॅलन पार्ड्यू यांनी त्याला अंगावरच्या चरबीवरून स्पष्ट सुनावलं. त्याने ते मनावर घेतलं आणि शरीर कमावलं. पहिल्याच हंगामात लीगचे ३० गोल. २०११ साली क्लब एक पायरी चढला, २०१२ साली आणखी एक. साउथॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्टी मारल्या. ३४ ही जाळ्यात गेल्या.

तिशी ओलांडल्यावर तो प्रीमियर लीगचं पहिलं मैदान उतरला आणि मँचेस्टर सिटीविरुद्ध त्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध वेन रूनीच्या जागी बदली खेळाडू म्हणून तो आला. लेटन बेन्सचा कॉर्नर आला, लॅम्बर्टने डोकं लावलं. इंग्लंडसाठी चेंडूला झालेला त्याचा तो पहिलाच स्पर्श, आणि तोच विजयाचा गोल. इंग्लंड ३, स्कॉटलंड २. त्या वेळी तो ३१ वर्षांचा होता.

२०१४ साली लिव्हरपूलनेच त्याला परत बोलावलं. सिनेमा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तिथे तो बहुतेक वेळ राखीव बाकावर बसला. लीगमध्ये त्याचे दोनच गोल झाले आणि वर्षभरात त्याने घर पुन्हा सोडलं. वेस्ट ब्रॉमविच, मग कार्डिफ. २०१७ साली निवृत्ती.

म्हणून ही गोष्ट ‘मेहनतीला फळ मिळतंच’ अशा सुभाषितात बसत नाही. १५ व्या वर्षी दार लावलं गेलेली मुलं असंख्य असतात, आणि घाम तीही गाळतात. लॅम्बर्टच्या वाट्याला एक जादा गोष्ट आली. खालच्या पायऱ्यांवरही रीतसर सामने होते, पगार होता, गोल मोजले जात होते आणि वर जायची वाट उघडी होती. हुन्नर उशिरा पिकणाऱ्या माणसाला एवढं तरी मिळायला हवं, मग क्षेत्र कुठलंही असो.