धड्याचा पत्ता आणि बंद दार

पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. हा क्यूआर कोड. त्यात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरील व्हिडिओ उघडतो. व्हिडिओ फुकट आहे. मोबाइल आणि इंटरनेट फुकट नाही.

२०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरांपैकी सुमारे पंधरा घरांतच इंटरनेटची सोय आढळली; शहरांत बेचाळीस. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण याच सोयीवर उभे केले गेले. ऊसतोड मजुराच्या पोराच्या हाती पत्ता होता, पण दार बंद होते. त्याला ‘मागे पडलेला’ म्हणण्याचा अधिकार कोणाला?

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना.

व्हिडिओ एकदा डाउनलोड केला की पुढे इंटरनेटशिवाय चालतो. म्हणून साधन शाळेचे असावे; वीजबिल आणि दुरुस्तीचा भार शासनाने उचलावा. व्हिडिओ मध्येच थांबवून ‘समजले का?’ असे विचारणारा शिक्षकही हवाच. यंत्राला आमचा विरोध नाही. शिक्षण घरच्या ऐपतीवर टांगण्याला आहे.