सँ-मालोच्या वाळूत तीन पिढ्या

आपल्या घरांतून सगळं कुटुंब मिळून प्रवासाला निघतं ते बहुधा कुणाच्या निकाहासाठी, नाहीतर मय्यतीसाठी. ऐपत असली तर उमराहसाठी. नुसतं आराम करायला, तेही सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बरोबर घेऊन जायची रीत आपल्यात फारशी नाही. "अम्मींना कुठे नेता, त्यांना त्रास होईल," असं म्हणून त्यांना शेजारणीच्या हवाली करायचं आणि आपण महाबळेश्वरला जाऊन यायचं. त्रास नेमका कुणाचा वाचतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर आजी-आजोबा घरी ठेवून आलेली कुटुंबं मला कमीच दिसली. तिथे १९३६ साली कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि तोवर श्रीमंतांची मानली जाणारी समुद्रकाठची सुट्टी साध्या माणसाच्या आवाक्यात आली. १९८२ पासून ही रजा पाच आठवड्यांची आहे. किनारा कुणाच्या मालकीचा नाही, वाळूवर सर्वांना मोफत जाता आलं पाहिजे, हे १९८६ च्या किनारा कायद्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे वाळूत घडीच्या खुर्चीवर बसलेली म्हातारी आणि तिच्या भोवती खड्डे खणणारी नातवंडं हे तिथलं नेहमीचं चित्र.

आमचा योग जुळला तो माझ्या दिरांमुळे. ते लंडनला असतात. कोकणातल्या मुसलमानांची बरीच घरं तिथे आता रुजली आहेत. मेच्या शेवटी तिथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि आपली उन्हाळी सुट्टी चालू असते. दोन घरं मिळून नऊ माणसं: चार मोठी, चार मुलं आणि माझ्या सासूबाई. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. सगळी मुलं त्यांना दादी म्हणतात, म्हणून मीही इथे दादीच म्हणते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण विचारणारे पुष्कळ असतात. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो, आणि वय वाढलं की त्याचा हप्ता चढतो. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून रात्रीची बोट निघते, ती सकाळी सँ-मालोला पोचते. गाडी बोटीच्या पोटात आणि माणसं केबिनमध्ये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विमानतळापेक्षा ही बोट बरी, असं माझं मत झालं.

सँ-मालो हे ब्रिटनी प्रांतातलं तटबंदीचं बंदर. १९४४ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बहल्ल्यात आणि आगीत तटाच्या आतलं बहुतेक गाव जळालं. लोकांनी ते पुन्हा जुन्या धाटणीत, दगडावर दगड रचून उभं केलं. नवखा माणूस फसतो आणि सगळंच शेकडो वर्षांचं समजतो. पण आम्ही तिथे पाहिलं ते गावापेक्षा पाणी. युरोपातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी इथली एक. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत बारा-तेरा मीटरचा फरक पडतो, म्हणजे चार मजल्यांच्या इमारतीएवढा. लाटांचा मारा अडवायला वाळूत ओकच्या झाडांचे उंच बुंधे रांगेने रोवले आहेत. सकाळी ते निम्मे बुडालेले असतात आणि दुपारी त्यांच्यामधून मुलं लपंडाव खेळतात. ग्राँ बे नावाच्या बेटावर लेखक शातोब्रियाँची कबर आहे; तिथे ओहोटीला पायी जाता येतं आणि भरती आली की वाट बंद. वेळ चुकली तर पाणी उतरेपर्यंत बेटावरच बसायचं.

म्हणून तिथे प्रत्येक घरात भरतीचं वेळापत्रक असतं. वेळेबरोबर एक आकडाही छापलेला असतो, वीस ते एकशेवीसच्या दरम्यानचा. आकडा जितका मोठा तितकं पाणी जास्त चढणार आणि जास्त उतरणार. माझा पुतण्या पहिल्या दिवशी मोबाईलवर हे सगळं मोठ्या ऐटीत वाचून दाखवत होता. दादींनी मध्येच विचारलं, "आज चाँदची तारीख कोणती?" सोळावी होती. "मग उधाणच असणार. आठवडाभराने भांग लागेल, पाणी सुस्त होईल." पोरगा मोबाईल खालीवर करून पाहतो तो आकडा नव्वदच्या वर, आणि पुढे रोज उतरत गेलेला. कोकणातल्या दर्यावर्दी घरांना हे नवीन नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीला भांग. आणि आपलं हिजरी कॅलेंडर तर चाँदवरच चालतं. दादी म्हणाल्या, "वेळ इथली वेगळी, पण जोर चाँदच ठरवतो." त्या दिवसापासून पोरं बाहेर पडायच्या आधी त्यांना विचारून निघायला लागली. घरी कुणी त्यांना इतके प्रश्न विचारत नाही.

नमाजच्या वेळा सांभाळणं सोपं नव्हतं. त्या दिवसांत तिथे जुहर दुपारी दोनच्या पुढे, मगरिब रात्री दहाच्या सुमारास आणि इशा त्यानंतर कितीतरी उशिरा. आम्ही शाफई. चार दिवस किंवा जास्त मुक्कामाचा इरादा असेल तर आमच्या मसलकात मुसाफिराची सवलत राहत नाही, त्यामुळे पोचल्यापासून नमाज पूर्ण होती. लहान मुलं इशाला जागी राहणं शक्यच नव्हतं. दादी मात्र दुपारी झोप काढून रात्री ताज्यातवान्या. किब्ल्याचं एक गमतीचं. कोकणात नमाजला उभं राहिलं की तोंड समुद्राकडे. इथे किब्ला आग्नेयेकडे, समुद्र उत्तरेला. "दर्याला पाठ करून नमाज पढायची जन्मात पहिली वेळ," असं दादी रोज म्हणायच्या.

आता स्वयंपाकघर. तिथे सुट्टीसाठी घरं शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात, ओटा-भांड्यांसकट. हलालची सोय होते म्हणून आपले लोक असंच घर घेतात, आम्हीही घेतलं. परिणाम असा की पहिले दोन दिवस माझी जाऊ आणि मी नऊ माणसांचा नाश्ता, जेवण, चहा, पुन्हा जेवण, भांडी यातच होतो. समुद्र खिडकीतून दिसत होता. पुरुषमंडळी मुलांना घेऊन तटावर फिरून आली आणि किती छान वारा आहे ते आम्हाला सांगू लागली.

बोलल्या त्या दादी. आम्हा सुनांशी नाही, आपल्या मुलांशी. "माझ्या घरामागे पन्नास पावलांवर दर्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याचा आवाज ऐकते. बसले कधी त्याच्याजवळ? ओहोटीला कालवं काढायला गेले तेवढीच, बाकी चुलीपुढे. ह्या दोघी इतक्या लांब येऊन तेच करणार असतील तर तिकिटाचे पैसे कशाला घातलेत?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं आणि रात्रीचं काम पुरुषांकडे आणि दोन मोठ्या मुलांकडे गेलं. हजरत आयेशा (र.अ.) यांना विचारलं होतं की हुजूर (स.अ.) घरी काय करत, त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामाला हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. सहीह बुखारीत आहे. ही हदीस बयानात ऐकून माना डोलावणारे पुष्कळ. कढई घासताना ती आठवणारे कमी. भात दोनदा लागला, अंडी रोज झाली, कुणीही उपाशी राहिलं नाही.

दुपारचं जेवण आम्ही बाहेर घेत होतो. तिथली खासियत गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं पातळ घावन. नेहमीच्या प्रकारात आत डुकराच्या मांसाचा काप असतो, म्हणून फक्त अंडं आणि चीज मागायचं. आणखी एक विचारायचं, तवा कशाने पुसता? जुन्या पद्धतीत डुकराची चरबी लावतात. बऱ्याच ठिकाणी आता लोणी असतं. बरोबर येणारा सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, तो नको म्हणायचा. आणि दोनच्या आत पोचायचं. नंतर बहुतेक ठिकाणी चूल बंद.

माझी पुतणी पंधरा वर्षांची. तिला पोहायचं होतं, अंगभर पोशाखात. घरी यावरून धाकधूक होती, कारण २०१६ च्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी अशा पोशाखावर बंदी घातली होती. २६ ऑगस्ट २०१६ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने विलनव-लूबे गावाची बंदी स्थगित केली: सार्वजनिक सुव्यवस्थेला खरा धोका नसताना महापौराला असं करता येत नाही. जलतरण तलावांची गोष्ट निराळी. ग्रेनोबल शहराने तलावाच्या नियमात दिलेली सूट याच न्यायालयाने २०२२ मध्ये रोखली. म्हणजे समुद्रात जाता येतं, तलावाची खात्री नाही. पोरगी समुद्रात गेली. दोन-चार जणांनी वळून पाहिलं आणि पुन्हा आपापल्या पुस्तकात डोकं घातलं. पाणी इतकं गार होतं की पाच मिनिटांत ती स्वतःच बाहेर आली.

फ्रान्समध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर जाड फुगीर चाकांची, पाण्यात तरंगणारी खुर्ची मिळते. तिला 'तिरालो' म्हणतात. पण ती मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, जीवरक्षक असतात तेव्हा. आम्हाला ती मिळाली नाही. दादींनीच मार्ग काढला. दुपारी पाणी पार उतरलं की ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होते, तेव्हा साधी चाकांची खुर्चीही चालते. रस्त्यावरून खाली जायला दगडी उतार होतेच. दोन नातवांनी खुर्ची थेट पाण्याच्या कडेपर्यंत नेली, मग दादी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभ्या राहिल्या आणि सलवार गुडघ्यापर्यंत भिजेस्तोवर आत गेल्या. पाय बधिर झाले तरी बाहेर यायला तयार नाहीत. जवळून जाणारी एक म्हातारी फ्रेंच बाई थांबली, पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. पुतणी शाळेत फ्रेंच शिकते. "ती म्हणते, ती पण रोज येते, गुडघ्यांसाठी."

शेवटच्या दुपारी आम्ही कांकालला गेलो. हे गाव कालवांसाठी नावाजलेलं. ओहोटीला त्यांची शेती उघडी पडते, लांबवर लोखंडी चौथऱ्यांच्या रांगा दिसतात. पूर्वी पुरुष कॉड मासळीसाठी न्यूफाउंडलंडपर्यंत जात, तेव्हा कालवं काढायचं काम बायकाच करत. हे ऐकून दादींनी नुसती मान हलवली. धक्क्यावर टपऱ्या आहेत. डझनावर घ्यायची, तिथेच फोडून लिंबू पिळून कच्ची खायची आणि कवचं खाली किनाऱ्यावर टाकायची. "कच्ची?" दादी म्हणाल्या. "आणि आम्ही जन्मभर मसाला वाटत बसलो!"

माझी जाऊ बीडची, हनफी घरातली. तिच्या मसलकात मासळीशिवाय समुद्रातलं काही चालत नाही. दादींनी तिला आग्रह केला नाही. एका डझनातली नऊ त्यांनी एकट्यांनी संपवली. जाऊबाई शेजारी बसून लिंबू पिळून देत होत्या.