घराचा लिलाव आणि नोटिशीतील दिवसांचे गणित

जामनेर, (आमच्या प्रतिनिधीकडून) : वृत्तपत्राच्या आतील पानांवर बारीक अक्षरांत छापलेल्या ताबा सूचनांकडे बहुतेक वाचकांचे लक्ष जात नाही. कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम, गट क्रमांक, घराची चतुःसीमा एवढाच त्यात मजकूर असतो. ही सूचना दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, छापणे नियमाने बंधनकारक आहे, म्हणून ती मराठी दैनिकांत येते. गल्लीतील लोकांना जप्तीची वार्ता अनेकदा इथूनच कळते. मात्र, कर्जदाराने आपली बाजू मांडण्याची पहिली मुदत तोवर संपलेली असते.

जामनेर तालुक्यात पैशाचे वेळापत्रक कपाशी ठरवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या हाती रक्कम येते आणि त्याच्यामागोमाग किराणा दुकानदार, वाहनधारक, गवंडी यांच्याही हाती चार पैसे खेळतात. जून ते सप्टेंबर या काळात हाच पैसा बियाणे, खते आणि फवारणीत अडकलेला असतो. गृहकर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए ठरते. हे ९० दिवस पावसाळ्यात सहज भरतात.

दिवाळीत दोन-तीन हप्ते भरले की खाते सुरळीत झाले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. एकदा एनपीए झालेले खाते मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याखेरीज नियमित धरता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्धवट भरणा करून निश्चिंत झालेल्या कर्जदाराच्या दारात नोटीस येते ती यामुळेच.

ही नोटीस ज्या कायद्याखाली निघते, तो २००२ चा सरफेसी कायदा. न्यायालयात दावा न लावता तारण घराचा ताबा घेण्याचा व ते विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकांना दिला. पहिली नोटीस ६० दिवसांची असते. या मुदतीत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि तिला १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. उत्तराचा हा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्स खटल्याच्या एप्रिल २००४ च्या निकालात धरला होता. त्याच निकालाने दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अटही रद्द केली. शाखेत जाऊन व्यवस्थापकाला तोंडी विनवणी करणे म्हणजे हरकत नव्हे. अर्ज लेखी हवा आणि त्याची पोच हवी.

साठ दिवस संपल्यावर बँक ताबा घेते. आधी दारावर सूचना चिकटवून सांकेतिक ताबा घेतला जातो. घर रिकामे करून मिळत नसेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो व त्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा घेतला जातो. बँकेच्या या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे न्यायाधिकरण जळगाव जिल्ह्यात नाही. राज्यात ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे. जामनेरहून वकील गाठायचा, कागद जमवायचे आणि तेथवर पोहोचायचे, यात ४५ दिवस हा काही मोठा अवधी नाही.

विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत ठरवून घ्यावी लागते आणि कर्जदाराला ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत सर्व रक्कम भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही संधी लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सांगितले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्याला आता उशीर झालेला असतो.

कायद्याने काही मर्यादाही घातल्या आहेत. मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी येणे उरले असेल तर या कायद्याने कारवाई करता येत नाही. शेतजमिनीलाही हा कायदा लागू नाही. मात्र, सातबाऱ्यावर शेती अशी नोंद आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. जमिनीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो हेही न्यायालय पाहते. शेतात घर बांधून ते तारण ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नोटीस हाती पडताच तिच्यावर कोणत्या संस्थेचे नाव आहे, हे आधी पाहावे. सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात ठरविले. पतसंस्थांची वाट निराळी आहे. राज्याच्या सहकार कायद्याखालील पतसंस्था कलम १०१ नुसार निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती व लिलाव करतो. येथे लिलावानंतरही ३० दिवस असतात. थकीत रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द करून घेता येते. वसुली दाखल्यालाच आव्हान द्यायचे तर मात्र आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते.

लिलावाच्या किमतीकडे कर्जदार सहसा पाहत नाही, कारण घर गेले म्हणजे सारे गेले असे त्याला वाटते. वास्तविक कर्ज आणि खर्च वळते करून उरलेली रक्कम त्याच्या हक्काची असते. घर कमी किमतीत गेले तर ती रक्कम बुडते आणि तरीही कर्ज शिल्लक राहिल्यास ते त्याच्याच मानेवर बसते.

ही बाब जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगावी लागू नये. जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी अर्थात बीएचआर ही बहुराज्य पतसंस्था बुडाल्यावर २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला. संस्थेच्या मालमत्ता कवडीमोलाने विकल्या, ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी दराने घेऊन त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या, असे आरोप झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. जून २०२१ मध्ये अवसायकाला अटक झाली. त्याच महिन्यात अटक झालेल्यांत जामनेरचेही काही जण होते. पुढे २०२४ मध्ये या तपासाविषयीच गुन्हा नोंदविला गेला. आरोप काय सिद्ध होतील ते न्यायालय ठरवील. ज्या सामान्य कर्जदाराकडे स्वस्तात पावत्या गोळा करण्याइतका पैसा नव्हता, त्याला मात्र अशी सवलत मिळणे शक्यच नव्हते.

कागदांतील गैरप्रकार ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत २००८ च्या पडझडीनंतर बँकांचे कर्मचारी जप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचता शेकड्यांनी सही करीत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. पाच बड्या बँकांना २०१२ मध्ये सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. तेथील घरमालकांना जी चूक वकिलामार्फत शोधावी लागली, तिची पहिली तपासणी येथे कर्जदाराला स्वतः करता येते. खातेउतारा मागवावा. दंडात्मक आकारणी मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यासही मनाई आहे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेकडून विलंब झाल्यास दररोज ५ हजार रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.