स्वस्त चार्जर दारात येईपर्यंत

आज जरा वेगळ्या खरेदीबद्दल बोलू. मसाला कांडपाची गिरणी, शिलाई मशीन, पापडाचं यंत्र यांची खरेदी आपल्याला ठाऊक आहे. पण आमच्या प्रभागसंघापुढे यंदा प्रश्न आला तो चार्जरचा, आणि तोही थेट चीनमधून मागवायचा.

झालं असं. आमच्या गटांकडे मिळून नऊ बॅटरीच्या तीनचाकी आहेत. भाजी, दूध आणि शाळेची मुलं त्यांवरच तालुक्याला जातात. गाड्यांबरोबर आलेले चार्जर दोन पावसाळ्यांत एकेक करून बिघडले. गाडी दोन दिवस उभी राहिली की त्या बाईचा हप्ता थकतो, हे वेगळं सांगायला नको. अशात आमच्यातल्या एकीच्या मुलाने मोबाईलवर एका परदेशी कारखान्याचा भाव काढून दाखवला. इथल्या दुकानापेक्षा निम्म्याहून कमी! वीस नग घ्यावे लागतील आणि तीस टक्के पैसे आधी, एवढीच अट. बैठकीत सगळ्यांचे डोळे चमकले. जास्तीचे चार्जर शेजारच्या गावांत विकू, असाही हिशेब झाला.

पैसे पाठवण्याआधी महिनाभर थांबलो आणि विचारत सुटलो. त्या महिन्यात जे कळलं ते तुम्हाला सांगतोय.

पहिला गोंधळ शब्दाचाच. चार्जर म्हणताना आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. एक म्हणजे ती पेटी, जी घरातली वीज घेऊन बॅटरीला हवी तशी करून देते. दुसरा म्हणजे भिंतीवरचा किंवा खांबावरचा पॉइंट, जिथे आपण गाडी जोडतो. तीनचाकीला बहुतेक वेळा पेटी गाडीसोबतच असते, आणि पॉइंट म्हणून १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, नीट अर्थिंग आणि फॉल्ट झाला की लगेच पडणारा ब्रेकर एवढं पुरतं. हा सॉकेट परदेशातून आणायची गरजच नाही. २३० व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या वर वीज त्यातून मिळते. आमच्या ई-रिक्षाची जुनी बॅटरी ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, म्हणजे पाच युनिटच्या आतली. रात्रभरात ती सहज भरते. म्हणजे आम्हाला खरं लागत होत्या त्या फक्त पेट्या.

आता या पेटीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण धोका इथेच आहे. कारखान्याच्या यादीत लिहिलं होतं, ‘४८ व्होल्ट चार्जर’. आमच्या सगळ्या गाड्यांवरही ४८ व्होल्टच लिहिलंय. मग जुळलंच की, असं आम्हाला वाटलं. तालुक्याच्या गॅरेजवाल्या दादांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, “ताई, ४८ हे नुसतं हाक मारायचं नाव आहे. भरताना किती व्होल्टवर थांबतं ते विचारा.”

ते असं. शिसं-अॅसिडच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतील तर भरताना चार्जर सुमारे ५८ व्होल्टपर्यंत जातो, मग खाली येऊन थोडी थोडी वीज देत राहतो. लिथियमच्या एका प्रकारात, ज्याला एलएफपी म्हणतात, सोळा सेल ओळीने असतात आणि प्रत्येकाला ३.६५ व्होल्ट, म्हणजे ५८.४ ला थांबायचं, पूर्ण थांबायचं. दुसऱ्या प्रकारात, एनएमसीत, तेरा सेल असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे ५४.६ ला थांबायचं. तिन्हींवर नाव मात्र ४८ चंच. आता ५८.४ वाला चार्जर तेरा सेलच्या बॅटरीला लावला तर एकेका सेलवर साडेचार व्होल्टच्या आसपास दाब येतो. बॅटरीतलं संरक्षक सर्किट बहुधा वीज तोडेल. पण ते बिघडलेलं असेल तर? आमच्या गाड्या रात्री ओसरीत, लेकरांच्या खोलीला लागून उभ्या असतात.

शिवाय काही लिथियम बॅटऱ्या चार्जरशी तारेतून ‘बोलतात’, आणि ओळख पटली नाही तर वीज घेतच नाहीत. बाहेरचा चार्जर वापरला म्हणून बॅटरीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हे तर गाडीच्या पुस्तकात वाचूनच कळलं. आम्ही नऊही गाड्यांच्या बॅटऱ्यांवरच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि वहीत उतरवलं. चार शिसं-अॅसिड, तीन एलएफपी, दोन एनएमसी. म्हणजे वीस सारखे चार्जर घेतले असते तर आमच्याच निम्म्याहून जास्त गाड्यांना ते चालले नसते.

मुलांचा दुसरा आग्रह होता रस्त्याकडेला मोटारींसाठी खांब लावायचा. देवदर्शनाला येणाऱ्यांच्या इलेक्ट्रिक मोटारी आता दिसतात, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. असा पॉइंट चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, आणि महावितरणकडे चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्गही आहे. घरगुती मीटरवर असला धंदा करू नका. पण इथे प्लगची गंमत आहे. आपल्याकडच्या मोटारींना साध्या चार्जिंगसाठी टाइप-२ आणि जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ लागतो. चीनमध्ये त्यांचा स्वतःचा, जीबी-टी नावाचा प्लग चालतो. साध्या चार्जिंगचे दोन्ही प्लग गोल, दोन्हीत सात खुणा, फोटोत जुळ्या बहिणी! फरक एवढाच की एकात जिथे पिना असतात तिथे दुसऱ्यात भोकं. आम्हाला आलेल्या फोटोतला खांब जीबी-टीचा निघाला. तोच कारखाना टाइप-२ देखील बनवतो, पण तो मागितला तरच मिळतो. तेव्हा ‘मोटारीचा चार्जर’ असं मोघम लिहू नका, प्लगचं नाव लिहा आणि तोंडाचा समोरून काढलेला फोटो मागा.

विजेचा मेळ चीनशी बसतो, त्यांच्याकडेही २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. पण उन्हाळ्यात संध्याकाळी पंप सुरू झाले की आपल्याकडे दाब किती खाली जातो ते आपणच जाणतो. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत पेटी चालेल आणि किती उन्हात, हे लेखी घ्या. बाहेर लावायचं असेल तर आयपी-५४ किंवा आयपी-६५ असा आकडा विचारा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आणि हो, ‘सीई’ शिक्का पाहून भुलू नका, तो युरोपच्या बाजारासाठीचा आहे. आपल्याकडे चार्जिंगच्या यंत्रांसाठी बीआयएसची आयएस १७०१७ ही मानकं आहेत, त्याप्रमाणे तपासणीचा अहवाल मागायचा.

आता भावाकडे येऊ. तो निम्मा भाव ‘एफओबी’ होता, म्हणजे माल त्यांच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा. ‘सीआयएफ’ म्हटलं तर न्हावा शेवापर्यंतचं भाडं आणि विमा त्यात येतो, पण तरीही माल उरणजवळच्या बंदरात असतो, तुमच्या गावात नाही. मालाची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर आयात शुल्क आणि त्यावर अधिभार लागतो. मग या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. समजा बेरीज १०० रुपये झाली आणि शुल्क १० आलं, तर जीएसटी १०० वर नाही, ११० वर. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण बिलावर नुसतं ‘पॉवर सप्लाय’ लिहून आलं तर कस्टममध्ये वाद होऊ शकतो. मग क्लिअरिंग एजंटची फी, बंदरातलं हाताळणीचं भाडं, कागद चुकून माल अडकला तर दिवसागणिक डेमरेज, आणि शेवटी टेम्पो. हे सगळं मांडलं तेव्हा आमचा निम्मा भाव इथल्या घाऊक भावाच्या फार मागे राहिला नाही. त्यात बिघडलेली पेटी परत पाठवायचा खर्च धरलाच नव्हता.

आयात करायला आयईसी हा नंबर लागतो. तो ऑनलाइन, ५०० रुपये भरून मिळतो, पण पॅनवर. आमच्या प्रभागसंघाचं पॅन आहे, पुष्कळ बचत गटांचं नसतं. कुणा नातेवाइकाच्या आयईसीवर गटाचा माल मागवला तर कागदोपत्री तो माल त्या नातेवाइकाचा, हे लक्षात असू द्या. नंबर मिळाल्यावरही दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून द्यावी लागते, नाहीतर तो बंद पडतो.

पैशांचं आम्ही असं ठरवलं. पैसे जातील ते बँकेतूनच, कारखान्याच्या नावाच्या खात्यात, त्यांच्या प्रोफॉर्मा बिलावर. माल आल्यावर बिल ऑफ एंट्री बँकेला दाखवायचं. इथल्याच कुणाच्या यूपीआयवर ‘अॅडव्हान्स’ नाही. ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल आला तर पहिल्यापासून ज्या नंबरवर बोलतो त्याच नंबरवर व्हिडिओ कॉल करून विचारायचं, कारण मधल्या मधे मेल हॅक करून पैसे लुबाडायची ही जुनी तऱ्हा आहे. आणि वीस नगांआधी दोन नमुने, पूर्ण पैसे देऊन.

नमुने विचारल्यावर कारखान्याने लगेच हो म्हटलं, पण ५४.६ आणि ५८.४ असे वेगवेगळे हवेत म्हटल्यावर भाव थोडा चढला.

शेवटी पाच लिथियम गाड्यांना गाडी बनवणाऱ्यांचेच चार्जर, महाग असूनही, घेतले. चार शिसं-अॅसिडवाल्यांना पुण्याच्या एका आयातदाराकडून मिळाले. वस्तू चीनचीच, पण वर्षाची वॉरंटी आणि दुरुस्तीला पुण्यात माणूस. ग्रामसंघाच्या शेडमध्ये सहा सॉकेट बसवले, वेगळ्या मीटरवर. खांबाचं मात्र अजून ठरलेलं नाही. टाइप-२ च्या एका नमुन्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, पुढच्या बैठकीत वायरमन दादांना बोलावलंय, ते अर्थिंग बघून सांगतील.