शर्यत रस्त्यावर, किल्ली घरातून

रात्री रिकाम्या रस्त्यांवर रंगणाऱ्या मोटारसायकल शर्यतींना तरुण मुलं 'थ्रिल' म्हणतात. पण या थ्रिलची किंमत अनेकदा शर्यतीत नसलेल्या माणसालाच मोजावी लागते. मुलाच्या हातात गाडीची किल्ली देणाऱ्या आईवडिलांनी यावर विचार करायलाच हवा.

शनिवारची रात्र. बारा वाजून गेलेले. मुंबईचा वेस्टर्न एक्सप्रेस हायवे असो, दिल्लीतील इंडिया गेटचा परिसर असो, की चेन्नईत मरीना बीचलगतचा रस्ता, दिवसा जिथे वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात, ते रस्ते आता मोकळे झालेले असतात. अशा वेळी कानठळ्या बसवणारा आवाज करत मोटारसायकलींचा जथा येतो. कुणी पुढचं चाक हवेत उचलतो, कुणी हँडलवरचे दोन्ही हात सोडतो. आरसे काढून टाकलेले, नंबर प्लेट वाकवलेली. मागे बसलेला मित्र मोबाइलवर चित्रण करत असतो. काही शर्यतींवर पैजाही लागतात. पैज नसली, तरी चार मित्रांत 'घाबरट' ठरू नये एवढं कारणही पुरतं.

शर्यत लावणारा निदान स्वतःहून धोका पत्करतो. पण रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स, पहाटे दूध पोहोचवणारा सायकलवाला किंवा फुटपाथवर झोपलेला मजूर यांनी कोणत्याही शर्यतीत नाव दिलेलं नसतं. त्यांचा काय दोष?

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सरासरी १९ मृत्यू. यातील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाले. दुचाकीस्वारांचा वाटा ४४ टक्क्यांहून जास्त होता, तर हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक जणांनी प्राण गमावले. मरणाऱ्यांत १८ ते ४५ वयाची माणसं सर्वाधिक होती, म्हणजे कुणाचा तरी कमावता मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचे वडील.

मागे बसणाराही सुरक्षित नसतो. जुलै २०१३ मध्ये दिल्लीत मध्यरात्री मोटारसायकलवर कसरती करणाऱ्या टोळक्याला पोलिसांनी अडवलं. टायरवर नेम धरून झाडलेली गोळी, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, नेम चुकून मागे बसलेल्या १९ वर्षांच्या मुलाला लागली आणि तो दगावला. गोळीबाराबद्दल बरीच टीका झाली, पण त्या आईवडिलांचा मुलगा काही परत आला नाही.

वेगाचं गणित

'माझा गाडीवर पूर्ण ताबा आहे,' असं प्रत्येक तरुणाला वाटतं. पण समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते, ताशी १०० च्या वेगात जवळजवळ २८ मीटर. त्यानंतर कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ४० च्या वेगातील गाडी एकूण २० मीटरच्या आसपास थांबते, तर १०० च्या वेगातील गाडीला ८० मीटरहून जास्त अंतर लागतं. पावसात किंवा रस्त्यावर वाळू असेल, तर त्याहूनही अधिक.

आणखी एक हिशोब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगात भिंतीवर आदळणं म्हणजे चार-पाच मजल्यांच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखं आहे. गच्चीच्या कठड्यावर मुलाला उभं राहू न देणारी आई हेल्मेटशिवाय त्याला भरधाव जाताना मात्र कौतुकाने पाहते, हे नवलच नाही का?

'आमचा मुलगा आठवीपासून गाडी चालवतो!'

पाहुण्यांसमोर हे वाक्य अभिमानाने सांगणारे वडील आपल्या आसपास कमी नाहीत. कधी क्लासला उशीर होतो म्हणून, तर कधी शेजाऱ्यांच्या मुलाकडे आहे म्हणून किल्ली दिली जाते. दहावीच्या टक्क्यांचं बक्षीस म्हणून मोटारसायकल येते.

याचं टोक १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये दिसलं. १७ वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या भरधाव महागड्या मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही संगणक अभियंते, त्यात ठार झाले. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाचे आईवडीलही अटकेत गेले.

कायदा पालकांनाही सोडत नाही

१६ व्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी असतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. बाजारातील बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. म्हणजे अकरावीतला मुलगा ती घेऊन कॉलेजला गेला, तरी तो गुन्हाच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चालकाकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम लाखांत जाते. एका रात्रीच्या मौजेपायी घर विकायची वेळ येऊ शकते.

घरात काय करता येईल?

* परवाना मिळेपर्यंत किल्ली देऊ नका, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. घरातली किल्ली हाताशी टांगून ठेवू नका.
* गाडीचा आवाज अचानक वाढला, आरसे गायब झाले, नंबर प्लेट वाकलेली दिसली, तर लगेच विचारा. ही शर्यतीच्या तयारीची लक्षणं असू शकतात.
* रात्री उशिरा कोण कुठे, कुणाबरोबर जातंय, हे माहीत असू द्या. रागावण्यापेक्षा बोलणं जास्त उपयोगी पडतं.
* वडील स्वतःच सिग्नल तोडत असतील, तर मुलाला उपदेश करून काय उपयोग? मागच्या सीटवर बसून तो रोज शिकतच असतो.
* मुलाला खरंच वेगाची आवड असेल, तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई ट्रॅक किंवा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे यांसारख्या ठिकाणी रीतसर स्पर्धा होतात. तिथे हेल्मेट, संरक्षक पोशाख, डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते. मुख्य म्हणजे समोरून कुणी येत नसतं.

चौकाचौकात पोलीस उभा करणं कोणत्याही शहराला शक्य नाही. पण प्रत्येक गाडी रस्त्यावर येण्याआधी कुठल्या तरी घराच्या दारातून निघते. त्या दारात 'नाही' म्हणणारं कुणी असेल, तर मुलगा चार दिवस रुसेल, कदाचित जेवणारही नाही. रुसलेल्या मुलाची समजूत काढता येते.