पदरमोड करून खेळायचे टेनिस

वाचकहो, श्रीरामपूर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे ऊस आणि मोसंबीच्या बागा येतील. त्याच श्रीरामपुरात १९९६ साली जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने २०२३ च्या सप्टेंबरात, चीनमधल्या हांगझो येथे, आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. रोहन बोपण्णाच्या जोडीने, मिश्र दुहेरीत. पहिला सेट २-६ असा गेला होता, तरी सामना त्यांनी काढला. तिचा फोटो तुम्ही पेपरात पाहिला असेल. पण त्याआधी काही वर्षे ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळत होती, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. टेनिस खेळायला कॉलेजात कशाला जायचे, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर पैशात आहे, तेव्हा आज हिशेबच मांडू.

टीव्हीवर विम्बल्डन दिसते, कोटींची बक्षिसे दिसतात. ते झाले शेंड्याचे फळ. धंदेवाईक टेनिसच्या अगदी तळाशी असतात त्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा. ट्युनिशियातल्या मोनास्टिरसारख्या गावी तर त्या जवळजवळ दर आठवड्याला चालू असतात. पंधरा हजार हा आकडा मोठा वाटतो, पण तो एकट्याचा नव्हे. त्यात दुहेरीची बक्षिसे आली आणि एकेरीचे बत्तीस जण आले. मुलांच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती पडतात २,१६० डॉलर. पहिल्याच फेरीत हरला त्याला १५६, म्हणजे आपले तेरा-चौदा हजार रुपये, आणि त्यातूनही कर कापला जातो. एवढ्यात विमानाचे भाडे, आठवड्याची खोली, जेवण आणि रॅकेटच्या तारा कशा भागायच्या? बरोबर प्रशिक्षक असेल तर त्याचेही तिकीट आलेच.

गुणांची गत तशीच. मुख्य फेरीतला एकतरी सामना जिंकल्याशिवाय जागतिक क्रमवारीचा एकही गुण नाही, आणि गुण नाहीत तर मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळणे कठीण. मग पात्रता फेरीतून वर यायचे. डाळिंबाची बाग लावणाऱ्याला हे सांगायला नको. पहिला बहार हाती येईपर्यंत खर्च चालूच राहतो आणि घर आंतरपिकावर काढावे लागते.

अमेरिकेतले कॉलेज हे या खेळाडूंचे आंतरपीक. शिष्यवृत्ती मिळाली तर फी भागते. कोर्ट, प्रशिक्षक, दुखापतीचे उपचार हे सगळे विद्यापीठाकडे. जानेवारी ते मे संघासाठी खेळायचे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पुढच्या सत्रात अधूनमधून या छोट्या स्पर्धांत नाव घालायचे. मंगळवारी हरलेला मुलगा गुरुवारी वर्गात बसलेला असतो. हरला म्हणून त्याच्या बापाला जमीन गहाण ठेवावी लागत नाही. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे सगळे फुकट, असे धरून चालू नका. कित्येक वर्षे नियम असा होता की मुलांच्या एका संघाला मिळून साडेचारच शिष्यवृत्त्या, मुलींच्या संघाला आठ. ती साडेचारची भाकरी आठ-दहा जणांत वाटली जाई. (२०२५ मध्ये हा नियम बदलला.)

दुसरी अट अधिक बोचरी. कॉलेजचा खेळाडू हौशी राहिला पाहिजे, म्हणून बक्षिसातून खर्चापुरतेच पैसे घ्यायचे, असा नियम कित्येक वर्षे होता. रीस ब्रँटमायर या मुलीने कॉलेजात जाण्यापूर्वी, २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये सुमारे ४९ हजार डॉलर मिळवले होते. नियमाने प्रवेशापूर्वीच्या वर्षात खर्चाव्यतिरिक्त दहा हजारच ठेवता येत. बाकीच्यांवर तिला पाणी सोडावे लागले. २०२४ मध्ये ती कोर्टात गेली. विद्यापीठ आपल्या खेळाडूंच्या नावावर पैसे मिळवते आणि खेळाडूने घाम गाळून जिंकलेले घ्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? मला तरी तिचे म्हणणे पटते.

या वाटेने गेलेल्यांत आपले लोक आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असा दोनदा अमेरिकेचा कॉलेज विजेता झाला आणि २०११ मध्ये जगात ६२ व्या क्रमांकावर पोहोचला. अलीकडे तर, २०२३ पासून, कॉलेजच्या क्रमवारीतल्या वरच्या वीस मुलांना चॅलेंजर या पुढच्या पायरीच्या स्पर्धांत जागा राखून ठेवू लागले. म्हणजे तळाची पायरी काहींना ओलांडता येते.

आपल्याकडेही अशा स्पर्धा भरतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर मुलींची, थोडी वरच्या पायरीची स्पर्धा वर्षानुवर्षे होत आली, आणि तिला नाव आहे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे. कोंबड्या पाळणाऱ्यांची ही संघटना! तेव्हा तुमच्यापैकी कुणाची अंडी त्या बक्षिसाच्या कामी आली असतील तर नवल नाही.

पुण्याचाच अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात २०१७ पर्यंत खेळला. पुढे एकेरीपेक्षा दुहेरीत त्याचा जम बसला. कझाकस्तानातल्या अल्माटी येथे ऋत्विक बोल्लिपल्लीच्या जोडीने त्याने वरच्या दर्जाच्या एटीपी मालिकेतली स्पर्धा जिंकली, ती २०२४ च्या ऑक्टोबरात. कॉलेज सोडून तेव्हा सात वर्षे झाली होती.