सक्तीची भरती : यादीलाही विरोध

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचा सहभाग संपत आला, तेव्हा १९७३ मध्ये अमेरिकेतील सक्तीची लष्करभरती थांबली. पुढे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तरुणांची नावनोंदणी पुन्हा सुरू केली. ही भरती नव्हे, नुसती यादी होती. पण यादीमागोमाग बोलावणे येते, हा अनुभव ताजा होता. मोर्चे निघाले, लाखो तरुणांनी नावेच दिली नाहीत. खटले मात्र जेमतेम वीसएक जणांवर झाले. खरा धाक बसवला तो १९८२ च्या कायद्याने : नोंदणी नाही, तर शिक्षणासाठी सरकारी मदत नाही. याचा फटका गरीब विद्यार्थ्यांनाच बसणार, हा आक्षेप रास्तच होता.

इराक युद्धाच्या वेळी सक्तीच्या भरतीचे विधेयक मांडले ते युद्धविरोधी खासदार चार्ल्स रँगल यांनी. पुढाऱ्यांची मुलेही लढायला जाणार असतील, तर युद्धाचा निर्णय सहज होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते ४०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळले. खुद्द रँगल यांनीही विरोधात मत दिले. नोंदणीचा कायदा मात्र टिकून आहे. १८ ते २५ वयाच्या ग्रीन कार्डधारक भारतीय तरुणांनाही तो लागू होतो. विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना नाही.